रॅम्प हे यंत्र आहे, त्याची लांबी कापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत मराठवाड्यातील गावोगावच्या शाळा, ग्रामपंचायती, आरोग्य उपकेंद्रे आणि बँका यांच्या पायऱ्यांशेजारी सिमेंटचा रॅम्प दिसू लागला आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. ३ डिसेंबर २०१५ रोजी सुगम्य भारत अभियान सुरू झाले, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा असाव्यात हे बंधन घातले आणि मतदान केंद्रांवरही रॅम्पची व्यवस्था होऊ लागली. मात्र यांतले कितीतरी रॅम्प इतके आखूड आणि उभे आहेत की त्यांवरून चाकाची खुर्ची वर नेणे धडधाकट माणसालाही जमत नाही. हा प्रश्न केवळ बांधकामातील हलगर्जीपणाचा असता तर मी हे पत्र लिहिले नसते. एका साध्या यंत्राचे मर्म आपण शाळेत शिकतो, परीक्षेत लिहितो आणि प्रत्यक्ष बांधताना नेमके तेच सोडून देतो, असे मला दिसते, आणि त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

रॅम्प म्हणजे उतरण. तरफ, कप्पी, चाक आणि आस, पाचर, स्क्रू आणि उतरण ही सहा साधी यंत्रे सहावीतले मूल घडाघडा सांगते. परंतु उतरण यंत्रासारखी दिसत नाही. तिच्यात फिरणारा, हलणारा असा एकही भाग नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने साध्या यंत्रांची जी यादी दिली तिच्यात पाचच नावे होती आणि उतरण त्यांत नव्हती. १५८६ मध्ये सायमन स्टेव्हिनने उतरणीवरील बलाचा नियम मांडला आणि १६०० च्या सुमारास गॅलिलिओने सगळ्याच यंत्रांविषयीची मूळ गोष्ट स्पष्ट केली : यंत्र कोणाचेही काम कमी करत नाही, ते फक्त कामाचे रूप बदलते. जितके बल वाचते तितके अंतर वाढते. बल आणि अंतर यांचा गुणाकार जिथल्या तिथे राहतो. घर्षणामुळे तो थोडा वाढतो, कमी मात्र कधीच होत नाही.

'साध्या यंत्रांमुळे कमी काम करावे लागते' हे वाक्य मी विद्यार्थ्यांच्या वह्यांत आणि विज्ञान प्रदर्शनांतील तक्त्यांवर पुन्हा पुन्हा वाचले आहे. ते चुकीचे आहे आणि त्या चुकीची किंमत मोठी आहे. काम कमी होते असे एकदा मनात बसले की उतरण आखूड ठेवली काय आणि लांब ठेवली काय, सारखेच वाटू लागते. कमी होते ते लावावे लागणारे बल. भाराला बलाने भागले की जो आकडा येतो त्याला यांत्रिक फायदा म्हणतात आणि उतरणीच्या बाबतीत, घर्षण बाजूला ठेवले तर, तो उतरणीची लांबी भागिले तिची उंची एवढा असतो. म्हणजे फायदा लांबीतून येतो. लांबी कापली की फायदा कापला गेला.

हे तत्त्व आपल्या भागातील कष्टकरी माणसांना पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. मोंढ्यात तेलाचे भरलेले पिंप ट्रकमध्ये चढवताना हमाल काय करतात ते जवळून पाहावे. पिंपाचे वजन २०० किलो धरू आणि ट्रकच्या हौद्याची उंची ४ फूट. ते पिंप सरळ उचलायचे तर २०० किलो वजनाएवढे बल लावावे लागेल, जे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. म्हणून १२ फूट लांबीच्या दोन फळ्या लावतात आणि पिंप आडवे करून लोळवत नेतात. आता १२ भागिले ४ म्हणजे तिप्पट फायदा झाला, आणि सुमारे ६७ किलोचे बल पुरते. याहून पुढची युक्तीही जाणकार हमाल करतात. दोराचे एक टोक ट्रकला बांधायचे, दोर पिंपाखालून घेऊन वरून परत आणायचा आणि ट्रकमध्ये उभे राहून दुसरे टोक ओढायचे. अशा वेळी पिंप हीच एक सरकती कप्पी होते. पिंप एक फूट पुढे सरकायला दोर दोन फूट ओढावा लागतो, म्हणून बल आणखी निम्मे होते, सुमारे ३३ किलो. २०० किलोचा भार ३३ किलोच्या ओढीने वर जातो, पण ४ फुटांच्या उंचीसाठी दोर २४ फूट ओढावा लागतो. २०० गुणिले ४ म्हणजे ८००, आणि ३३ व एक तृतीयांश गुणिले २४ म्हणजेही ८००. फळी ८ फुटांची असती तर पहिलाच फायदा तिपटीवरून दुपटीवर आला असता, हे त्या हमालांना सांगावे लागत नाही. फळी आखूड असली की ते दुसरी फळी मागतात.

पहारीचेही तसेच. शेतातला दगड हलवताना ५ फुटी पहारीच्या टोकापासून ६ इंचांवर टेकू दिला, तर टेकूच्या एका बाजूला ६ इंच आणि दुसऱ्या बाजूला ५४ इंच उरतात आणि नऊपट फायदा मिळतो. १८० किलोचा दगड २० किलोच्या दाबाने हलतो, पण हात १८ इंच खाली जातो तेव्हा दगड फक्त २ इंच उचलला जातो. आडावरच्या रहाटात लाटेची त्रिज्या ८ सेंटिमीटर आणि दांड्याची ३२ सेंटिमीटर असली, तर १२ किलोची भरलेली बादली ३ किलोच्या जोराने वर येते. मात्र हाताचा एक फेरा सुमारे दोन मीटरचा होतो आणि बादली जेमतेम अर्धा मीटर वर सरकते. ज्या आडावर नुसती एक कप्पी टांगलेली असते तिथे मात्र बलाचा फायदा काहीच नाही, कारण स्थिर कप्पी फक्त ओढीची दिशा बदलते. खाली ओढताना अंगाचे वजन कामी येते म्हणून ते सोपे वाटते, इतकेच.

मराठवाड्याच्या शेतीत कित्येक पिढ्या चाललेली मोट या दृष्टीने फार अभ्यासण्याजोगी आहे आणि विज्ञानाच्या तासाला तिचा उल्लेखही होत नाही याचे मला वाईट वाटते. विहिरीच्या काठावरचे मोटेचे चाक ही स्थिर कप्पी आहे. नाडा जितका ओढला जातो तितकीच मोट वर येते. मग एवढा जड भार बैलांना कसा पेलवत असे? त्याचे उत्तर धावेत आहे. बैल ज्या वाटेने ओढतात ती धाव विहिरीपासून दूर खाली उतरत गेलेली असते. बैलजोडीचे वजन ७०० किलो आणि धावेचा उतार सातास एक धरला, तर त्यांच्या स्वतःच्या वजनातला सुमारे १०० किलोचा हिस्सा उताराच्या दिशेने काम करतो. पाण्याने भरलेल्या मोटेचा भार त्या सुमाराचा असला, तर तो बराचसा बैलांच्या वजनानेच तोलला जातो. मग हे काम फुकट झाले का? नाही. मोट थारोळ्यात रिकामी झाली की बैलांना उलट्या पावली धावेवरून वर सरावे लागते, आणि त्या वेळी ते आपलेच ७०० किलो वजन वर उचलत असतात. पाणी उपसण्याच्या कामाचा मोठा भाग ते तिथे फेडतात. भार ओढण्याचे आणि स्वतःला वर नेण्याचे कष्ट एकाच वेळी अंगावर न येता पाठोपाठ यावेत, अशी ही रचना आहे. तिचा शोध कोणी लावला हे सांगता येत नाही, पण उतरणीचा इतका नेमका वापर करणारा कारागीर मला कोणत्याही अभियंत्याच्या तोडीचा वाटतो.

दोन जागा अशा आहेत की जिथे उतरणीचे दोन्ही टोकांचे अर्थ दिसतात. देवगिरीच्या किल्ल्याच्या डोंगराचा खालचा भाग तासून सरळ उभा केलेला आहे, कारण उतरण शिल्लकच ठेवली नाही तर वर चढण्यासाठी लागणारे बल कोणालाही परवडत नाही, हे बांधणाऱ्यांनी जाणले होते. याउलट चाळीसगावहून कन्नडला येणारा घाटरस्ता वळणे घेत, डोंगराला वळसे घालत, मुद्दाम लांब केलेला आहे, कारण मालाने भरलेली गाडी वर आणायची होती. चढायची उंची बदलत नाही. ती किती लांबीवर वाटून द्यायची एवढेच आपल्या हातात असते.

स्क्रू म्हणजेही दांड्याभोवती गुंडाळलेला घाटरस्ताच. ट्रकच्या स्क्रू-जॅकचा दांडा ३० सेंटिमीटरचा आणि आट्यांमधले अंतर ५ मिलिमीटर असेल, तर एका फेऱ्यात हात सुमारे १८८ सेंटिमीटर फिरतो आणि ट्रक फक्त अर्धा सेंटिमीटर उचलला जातो. हिशेबाने फायदा ३७० पटींहून अधिक. प्रत्यक्षात घर्षण त्यातला अर्ध्याहून जास्त भाग खाऊन टाकते, पण दांडा सोडल्यावर ट्रक खाली येत नाही तो त्याच घर्षणामुळे. पाचरीबद्दल जास्त लिहिण्याचे कारण नाही. कुऱ्हाड आणि छिन्नी घराघरांत आहेत, आणि आठव्या शतकात वेरूळचे कैलास लेणे वरून खाली कोरले गेले ते छिन्नी या पाचरीच्याच बळावर.

फायदा नेहमी एकाहून जास्तच हवा असेही नाही. आपल्या कोपरात हाताचा स्नायू सांध्यापासून सुमारे ४ सेंटिमीटरवर जोडलेला असतो आणि वजन तळहातावर, म्हणजे सुमारे ३५ सेंटिमीटरवर. त्यामुळे तळहातावर एक किलो तोलताना स्नायूला नऊ किलोच्या आसपास ताण द्यावा लागतो. येथे निसर्गाने बल खर्चून अंतर आणि वेग मिळवला आहे, आणि म्हणूनच आपण दगड भिरकावू शकतो. व्यवहार मात्र त्याच नियमाचा आहे.

आता पुन्हा रॅम्पकडे येतो. आपल्याकडील इमारतींना साधारणपणे सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतात, म्हणजे उंची दीड फूट. माणूस आणि चाकाची खुर्ची मिळून ८० किलो धरू. मी पाहिलेल्या अनेक रॅम्पची उतारावरची लांबी साडेचार फुटांच्या आसपास असते, म्हणजे फायदा तिप्पट. ढकलणाऱ्याला सुमारे २७ किलोचे बल सतत लावावे लागते आणि चुकून हात सुटला तर तेवढ्याच बलाने खुर्ची खाली ओढली जाते. शिवाय अशा चढावर खुर्चीची पुढची चाके उचलली जाऊन ती मागे उलटण्याचा धोका असतो. उतरतानाही धोका टळत नाही, कारण तेव्हाही जवळजवळ तेवढीच ओढ मागे रोखून धरावी लागते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत रॅम्पसाठी बारास एक असा उतार सांगितला आहे, म्हणजे एक फूट उंचीसाठी १२ फूट लांबी. त्या हिशेबाने दीड फूट उंचीला १८ फुटांचा रॅम्प हवा. मग बल उरते ८० भागिले १२, म्हणजे सात किलोपेक्षाही कमी. चाकांचे घर्षण त्यात थोडी भर घालील, तरी एवढे बल वयस्क बाईलाही लावता येते, आणि हातात ताकद असेल तर खुर्चीत बसलेला माणूस स्वतः चाके फिरवून वर जाऊ शकतो. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. साडेचार फुटांचा रॅम्प त्याला दुसऱ्याच्या हाती सोपवतो. १८ फुटांचा रॅम्प त्याला स्वतःच्या हाताने आत जाऊ देतो.

एका तालुक्याच्या ठिकाणी सरकारी दवाखान्याच्या दारात मी जे पाहिले ते येथे नोंदवतो. साठीच्या घरातली एक बाई आपल्या पतीची चाकाची खुर्ची घेऊन रॅम्पपाशी आली. तिने खुर्ची एकदा रॅम्पवर लावली, दोन हात जोर केला, खुर्ची अर्ध्यावर जाऊन थांबली आणि परत घसरली. मग तिने ती वळवली, पायऱ्यांकडे नेली आणि पाठमोरी उभी राहून एकेक पायरी खुर्ची मागे ओढून वर चढवली. रांगेतला एक मुलगा तिसऱ्या पायरीला मदतीला धावला. थोड्याच वेळात त्याच रॅम्पवरून कोणीतरी मोटारसायकल भरधाव वर चढवून व्हरांड्यात लावली. इंजिनाला तो चढ सोपा आहे. ज्याच्यासाठी बांधला त्याला तो चढता येत नाही. त्या रॅम्पवर गुळगुळीत चकचकीत फरशीही बसवलेली होती, म्हणजे ढकलणाऱ्याच्या पायाला लागणारे घर्षणही काढून घेतलेले होते. घर्षण चाकाच्या आसाशी कमी आणि पायाखाली जास्त हवे, हे साधे तारतम्य तिथे उलटे झाले होते.

अशा वेळी उत्तर मिळते की जागा नव्हती. बहुतेक ठिकाणी पटांगण समोर पसरलेले असते, त्यामुळे ही सबब मला पटत नाही. पण जिथे जागा खरोखर अपुरी आहे तिथे घाटरस्त्याचाच उपाय आहे : नऊ फूट एका दिशेने, मग खुर्ची वळेल असा पाच फुटी सपाट कट्टा, आणि पुन्हा नऊ फूट उलट दिशेने. दोन्ही बाजूंना कठडे, रुंदी किमान १.२ मीटर आणि पृष्ठभाग खरबरीत. वाढीव खर्च काही फूट विटा, मुरूम आणि काँक्रीट यांचा आहे. २०१६ च्या कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारतींसाठीही नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती आणि ते नियम २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत केव्हाच संपली आहे.

आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून जिल्हा परिषदांच्या बांधकाम विभागांना आणि नगर परिषदांना माझी विनंती आहे की अंदाजपत्रकात 'रॅम्प, १ नग' असे न लिहिता रॅम्पची उंची, लांबी आणि उतार हे तीन आकडे लिहावेत आणि ते मोजल्याशिवाय ठेकेदाराचे देयक काढू नये. विज्ञान शिक्षकांना विनंती आहे की साध्या यंत्रांचा धडा शिकवताना मुलांना टेप देऊन आपल्याच शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या आणि दवाखान्याच्या रॅम्पपाशी न्यावे. मुलांनी उंची मोजावी, लांबी मोजावी, भागाकार करावा आणि उत्तर बारापेक्षा किती कमी येते ते वहीत लिहावे. शक्य असेल तिथे स्प्रिंगच्या ताणकाट्याने भरलेली ढकलगाडी ओढून प्रत्यक्ष बल किती लागते तेही पाहावे, म्हणजे हिशेबातले बल आणि काट्यावरचे बल यांतला फरक घर्षणाचा असतो हे त्यांना आपोआप कळेल. आणि तो तक्ता शाळेच्या प्रदर्शनापुरता न ठेवता मुख्याध्यापकांच्या सहीनिशी पुढच्या ग्रामसभेत मांडावा.

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
जि. बीड